पुडीतलं सरबत आणि घरची गारीगार

सरबत म्हणून फर्मास लागलेलं मिश्रण तसंच साच्यात ओतून गोठवलं, की त्याची गारीगार फिकी लागते आणि दातांना दाद देत नाही. दोन-चारदा चोखली की सगळा रंग-रस पोटात जातो आणि काडीवर पांढरा बर्फ उरतो. मुलं ती अर्धी खाऊन टाकून देतात आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, बाहेरच्यासारखी घरी होतच नाही. होते. बाहेरच्यापेक्षा चांगली होते. पिण्याचं माप वेगळं आणि गोठवण्याचं माप वेगळं, एवढं मात्र आधी पटायला हवं. मग हाताशी दुकानातली पुडी असो की घरी केलेली लिंबाची पूड, दोन्हींतून उत्तम सरबत होतं आणि उत्तम कांडीही.

आधी पुडीबद्दल. फळाच्या चवीचं पेय पुडीत भरून विकायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात हेस्टिंग्ज नावाच्या गावी एडविन पर्किन्स हा माणूस ‘फ्रूट स्मॅक’ नावाचा पातळ अर्क बाटलीतून विकायचा. बाटल्या जड, वाटेत फुटायच्या, पाठवणी महाग पडायची. 1927 मध्ये त्याने अर्कातलं पाणी काढून टाकून तो पुडीत भरला, आणि ‘कूल-एड’ जन्माला आलं. आपल्याकडे अहमदाबादच्या खंबाटा कुटुंबाच्या ‘रसना’ने तेच केलं. एक छोटी बाटली, एक पुडी, साखर मात्र तुमच्या घरची. 5 रुपयांत 32 ग्लास, हे रसनाच्या जाहिरातीतलं गणित 1980 च्या दशकात वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असेल. ते स्वस्त पडायचं कारण पुडीत वजनाचं काही नसायचंच. पाणी आणि साखर दोन्ही आपणच घालत होतो.

आज मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत साखरही आतच असते. पुडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिलं नाव जवळजवळ नेहमी साखरेचंच दिसेल. पुढे आकडे येतात. 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्त्व, पेयाला आंबटपणा देणारं. 300 म्हणजे क जीवनसत्त्व. 341 हा पूड मोकळी राहावी, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला कॅल्शियमचा क्षार. 102 आणि 110 हे पिवळा आणि नारिंगी रंग. भारतात हे रंग ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी आहे. त्यात भिण्यासारखं काही नाही. पण पाकिटावर संत्र्याचं चित्र आहे म्हणून आत संत्रं आहे, अशी समजूतही करून घेऊ नका. गोड, आंबट, रंग आणि वास, या चार गोष्टी म्हणजे पुडी. यातल्या पहिल्या तीन आपल्या स्वयंपाकघरात पडलेल्याच असतात आणि चौथी ताज्या फळात असते. म्हणूनच पुडी अर्धी आणि फळ अर्धं, हा मेळ सगळ्यात चांगला जमतो.

उदाहरणार्थ संत्र्याची पुडी. लिटरभर पाण्याला पाकिटावर जेवढी पूड सांगितली असेल तिच्या निम्मीच घ्या, पाव लिटर पाणी कमी घाला आणि तेवढाच ताजा संत्र्याचा रस ओता. वर अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. मीठ खारटपणासाठी नाही. त्याने फळाची चव उठून येते आणि पुडीची जी एक चपटी, एकसुरी गोडी असते ती मोडते. नागपुरी संत्र्याचा रस काढताना बी चिरडू देऊ नका आणि काढलेला रस ठेवून देऊ नका, कारण थोड्या वेळाने तो कडवट होतो. काढा, मिसळा आणि लगेच प्या, नाहीतर लगेच गोठवा.

पूड थेट बर्फाच्या पाण्यात टाकून ढवळत बसू नका. गार पाण्यात साखर हळू विरघळते, तळाशी राहते, आणि मग पहिला ग्लास पाणचट तर शेवटचा गोडमिट्ट होतो. भांडंभर कोमट पाण्यात सगळी पूड विरघळवून दाट पाक करा आणि त्यात गार पाणी घाला. हा पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवता येतो. पाहुणे आले की एकाला तीन पाणी, झालं.

आता घरची पूड. माझं मत स्पष्ट आहे. विकतच्या कुठल्याही पुडीपेक्षा घरी केलेली लिंबाची पूड सरस असते आणि ती करायला कौशल्य लागत नाही, थोडा धीर लागतो. पातळ सालीची, पिवळी झालेली कागदी लिंबं दहा-बारा घ्या. रस काढताना लिंबू हलक्या हाताने पिळा. शेवटचा थेंब काढायच्या हट्टाने साल दाबली की कडवटपणा उतरतो आणि तो पुढे काही केल्या जात नाही. रस गाळून वाटीने मोजा आणि एका वाटीला चार वाट्या साखर घ्या. दोन्ही एकत्र केल्यावर मिश्रण ओल्या रेतीसारखं दिसलं पाहिजे. वाहायला लागलं तर आणखी साखर घाला. ते स्टीलच्या किंवा काचेच्या पसरट ताटांत पातळ पसरा. ॲल्युमिनियम आणि पितळ नको, आंबट त्यांना खातं. वर मलमलचं फडकं बांधून पंख्याखाली सावलीत ठेवा. कडक उन्हात ठेवायचा मोह होतो, पण उन्हाने रसाचा रंग उतरतो, वास उडतो आणि क जीवनसत्त्वही कमी होतं. रोज एकदा चमच्याने उकरून उलटसुलट करा. पुण्या-सोलापूरच्या, विदर्भाच्या कोरड्या हवेत एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांत ताट खडखडीत होतं. मुंबईत आणि कोकणात हवा ओली, तिथे आठवडा गेला तरी हाताला चिकटत राहील. अशा ठिकाणी ताट फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये उघडं ठेवा. त्या फ्रिजची हवा कोरडी असते, तिथे ते छान वाळतं. शेजारी कांदा-लसूण मात्र नको, साखर वास ओढून घेते.

वाळलेले खडे मिक्सरमध्ये फिरवा. त्यातच अर्धा चमचा पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा वेलदोड्याचे दाणे घाला. घरात सगळ्यांना आवडेल तेच घाला, सगळं एकदम नको. चाळून छोट्या-छोट्या काचेच्या बाटल्यांत भरा. एकच मोठी बरणी भरली तर दर वेळी उघडताना हवेतली ओल आत शिरते आणि महिन्याभरात तिचा गोळा होतो. एका ग्लासला दोन मोठे चमचे पूड पुरते. प्रवासाला ही पूड फार उपयोगी. सांडत नाही, आंबत नाही, आणि गाडीत कुठेही पाण्याची बाटली असली की सरबत तयार.

कोकमाची पूड थोडी हट्टी. आमसुलं चिवट असतात, मिक्सरच्या पात्याला गुंडाळून बसतात. त्यांना उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडी साखर बरोबर घालून दळा. एक वाटी पुडीला चार वाट्या पिठीसाखर, दोन चमचे जिरेपूड. मीठ घालण्याआधी एक आमसूल चाखून बघा, कारण काही आमसुलं मुळातच खारवलेली असतात. ही पूड पाण्यात टाकून दहा मिनिटं भिजू द्यावी आणि गाळून घ्यावी, तेव्हा तिचा खरा जांभळट-लाल रंग उतरतो. कैरीचा कीस वाळवून त्याची पूड आणि तिप्पट पिठीसाखर, हा प्रकारही चांगला. मात्र तो कच्च्या कैरीच्या चवीचा होतो. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याची गोडी त्याला येत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

गोठवायची वेळ आली की पाण्याच्या स्वभावाकडे बघावं लागतं. मिश्रण गोठताना आधी नुसत्या पाण्याचे स्फटिक बनतात. साखर, आंबट आणि रंग त्या स्फटिकांत शिरत नाहीत, ते मधल्या फटींत दाट पाक होऊन राहतात. गारीगार चोखली की हा पाक आधी निघून येतो आणि पांढरा सांगाडा उरतो. साखर कमी असेल तर फटींत पाक कमी आणि बर्फ जास्त, म्हणून कांडी टणक. साखर फार झाली तर रात्रभर ठेवूनही ती लिबलिबीत राहते आणि काडीवरून घसरून पडते. या दोन टोकांच्या मध्ये जे माप आहे ते लक्षात ठेवा: तयार मिश्रण एक लिटर असेल तर त्यात एकूण 150 ते 170 ग्रॅम साखर. 200 मिलीच्या कपात सपाट भरलेली साखर साधारण 170 ग्रॅम भरते, तेव्हा वजनकाटा नसला तरी अडत नाही. पिण्याच्या सरबतात लिटरला 100 ते 120 ग्रॅम पुरते. कांडीला जास्त लागायचं दुसरंही एक कारण आहे: गारठलेल्या जिभेला गोड कमी कळतं. म्हणून साच्यात ओतण्याआधी चाखाल तेव्हा मिश्रण जरा जास्तच गोड आणि जरा जास्तच आंबट लागलं पाहिजे. तेव्हा अगदी बेताचं लागलं, तर गोठल्यावर ते फिकं लागणार हे नक्की.

फळाचा रस वापरत असाल तर त्याची स्वतःची साखर हिशोबात धरा. हापूसच्या रसात ती साधारण 16 ते 18 टक्के असते, म्हणजे नुसता रस साच्यात भरला तरी कांडी नेमकी होते. त्यात पाणी घातलंत तर त्या पाण्यापुरती साखर घाला. कलिंगडाचा रस याच्या निम्म्यानेच गोड. त्यात लिटरला 80 ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस हवाच, नाहीतर कलिंगडाची कांडी म्हणजे गुलाबी बर्फ होतो. जांभळाचा गर काढून साखर आणि पादेलोण घालून गोठवला तर जे होतं त्याला तोड नाही. जांभळं जूनमध्ये थोडेच दिवस मिळतात, तेव्हा गर काढून डबीत गोठवून ठेवा, पुढे कधीही वापरता येतो.

पांढरा सांगाडा उरू नये यासाठी तीन उपाय आहेत. पहिला, फळाचा गर घाला. तो फटींतला पाक धरून ठेवतो. दुसरा, लिटरभर मिश्रणाला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट थोड्या पाण्यात कालवून, शिजवून, गार करून मिसळा. चव बदलत नाही, कांडी मऊ होते. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा उपाय, लवकर गोठवा. जितकं झटपट गोठेल तितके स्फटिक बारीक. मिश्रण आधी फ्रिजमध्ये चांगलं गार करून घ्या, साचे लहान आणि अरुंद घ्या आणि फ्रीझरच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकपेक्षा स्टीलचे छोटे, उभे पेले बरे, थंडी त्यांतून लवकर आत जाते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून पेला काठोकाठ भरू नका आणि काचेच्या बाटलीत कधीच गोठवू नका. काडी तास-दीड तासाने, मिश्रण घट्टसर झाल्यावर खोचा म्हणजे सरळ उभी राहते. काडी आइस्क्रीमची, चपटी, गोल टोकाची. बर्फाच्या ट्रेमध्ये टूथपिक खोचायची पद्धत अनेक घरांत आहे, पण लहान मुलांच्या तोंडात ते टोक जाणं बरं नाही. सहा ते आठ तासांनी पेला दहा सेकंद साध्या पाण्यात बुडवला की कांडी सुटते.

फ्रीझर नसेल किंवा तो नीट चालत नसेल, तर कुल्फीवाल्याची जुनी पद्धत घरी सहज जमते. मोठ्या पातेल्यात किलोभर फोडलेला बर्फ, त्यात पाव किलो जाडं मीठ. मीठ मिसळल्यावर बर्फ वितळू लागतो, पण त्याचं तापमान शून्याखाली 15 अंशांच्या आसपास सहज उतरतं. झाकणाचे स्टीलचे पेले त्यात गळ्यापर्यंत रोवा आणि पातेलं गोणपाटाने किंवा जाड सतरंजीने गुंडाळा. तासाभरात गारीगार तयार. झाकण उघडण्याआधी पेला बाहेरून पुसायला विसरू नका, खारं पाणी आत गेलं की सगळं वाया. या पद्धतीने गोठलेली कांडी झटपट गोठते म्हणून घरगुती फ्रीझरमधल्या कांडीपेक्षा मऊ होते. मुलांना हे करताना बघू द्या, मीठ-बर्फात मात्र बोटं घालू देऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते.

बर्फाच्या गोळ्याचं गणित कांडीच्या उलट. तिथे बर्फ कोरा असतो आणि गोडी वरून येते, म्हणून पाक दाट हवा: अर्धा लिटर पाण्याला एक किलो साखर, उकळी आणून गार केलेला. त्यात घरची कोकम पूड घाला किंवा जांभळाचा गर, लिंबू आणि पादेलोण घालून काला खट्टा करा. बर्फ मात्र पिण्याच्या, उकळून गार केलेल्या पाण्याचाच लावा. बाजारातल्या लाद्या माशांसाठी आणि मालाच्या साठवणीसाठीही बनतात. महाराष्ट्रात 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने असा अखाद्य बर्फ निळसर रंगवण्याची सक्ती केली, ती याचसाठी. विकत बर्फ घेताना तो कशासाठीचा आहे हे विचारूनच घ्या.

दुधात आंबट पूड घालू नका. दूध फाटतं, आणि ताज्या अननसाने तर ते कडूही होतं. दुधाळ कांडी हवी असेल तर दही किंवा चक्का घ्या, ते मुळातच आंबट असल्याने पुडीशी भांडत नाहीत. अर्धा किलो ताजं दही, चार-पाच मोठे चमचे साखर, आणि मोसमात महाबळेश्वरची ठेचलेली स्ट्रॉबेरी, नाहीतर आंब्याची पूड. एवढ्यावर सुरेख कांडी होते.

रंगासाठी बाटलीतल्या रंगाकडे हात जाण्याची गरज नाही. कोकम स्वतःच रंगेल आहे. बिटाचे दोन काप कोमट पाण्यात ठेवून ते पाणी घ्या, जास्त घातलंत तर मातीचा वास येतो. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं आणि त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळट-गुलाबी होतं. मुलांना हे स्वतः करू द्या. सुटे, लेबल नसलेले चमकदार गुलाबी रंग मात्र घरात आणू नका. ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग खाण्यात सापडल्याचे प्रकार आपल्या देशात झाले आहेत आणि अन्नात त्याला पूर्ण बंदी आहे.

साखरेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 200 मिलीच्या एका ग्लास सरबतात 20 ते 24 ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमपेक्षा कमी, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. 60 मिलीच्या कांडीत साखर भरते साधारण 10 ग्रॅम, आणि ती खायला मूल दहा मिनिटं लावतं. म्हणून मुलांनी गोडाचा हट्ट धरला तर ग्लासाऐवजी कांडी द्या. मधुमेह असलेल्यांसाठी पुडी नको. लिंबू, पादेलोण, जिरं आणि पुदिना घालून बिनसाखरेचं सरबत वेगळं काढून ठेवा. आणि जुलाब-उलट्या होत असलेल्या मुलाला यातलं काहीही देऊ नका. त्या वेळी द्यायच्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज आणि मोजून घातलेले क्षार असतात. सरबतात साखर त्याच्या कितीतरी पट असते आणि तिने जुलाब वाढू शकतात.

गोठवलेल्या कांड्या महिनाभरात संपवा, पुढे फ्रीझरचा वास लागतो. वीज जाऊन त्या वितळल्या तर पुन्हा गोठवू नका, तेव्हाच सरबत म्हणून पिऊन टाका. आणि वर्षभराची लिंबाची पूड करायची असेल तर ती मृगाच्या आधी वाळवून, चाळून, बाटल्यांत बंद झालेली असू द्या. एकदा पाऊस लागला की ताटातली साखर वाळत नाही.